आधी पुस्तिका आणा

एका कॉलेजच्या माणसाने मला रुमालाखाली फसवलं, आणि दुसऱ्याच दिवशी मी टायपिंगच्या बाईंना फोनवर फसवलं. दोन्ही वेळा नुकसान झालं ते माझ्या मुलीचं, कोमलचं. माझ्या खोटेपणाचा जाब बाईंनी मला विचारला आणि मी तो दिला. त्या माणसाला अजून कोणी काही विचारलेलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. पण आधी बाईंबद्दल सांगतो, कारण बाई कळल्याशिवाय यातलं काहीच नीट कळणार नाही.

बाई टाइप करताना खाली बघत नसत. दहाही बोटं खाली पळत असायची आणि डोळे समोरच्या माणसाच्या तोंडावर. भोरला एसटी स्टँडच्या मागे एक जिना चढून वर त्यांचा वर्ग होता. आधी टाइपरायटर होते, मग कॉम्प्युटर आले, पण गाव त्यांना टायपिंगच्या बाईच म्हणत राहिलं. तुम्ही बोलायचं, त्यांनी तुमच्याकडे बघत टाइप करायचं. दोन वाक्यांत माणूस घामाघूम. त्या नजरेसमोर वाढवून सांगणं अवघड होतं आणि खोटं बोलणं तर जमतच नसे.

मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. जन्म पासलीच्या वरच्या धनगरवाडीत, शाळा सातवीपर्यंत, आणि पुढचं सगळं बाजारात शिकलो. आता शिवऱ्याला हायवेच्या कडेला माझा स्वतःचा गोठा आणि दुकान आहे. ते मला कोणी दिलेलं नाही. बाईंकडे मी पहिल्यांदा गेलो तो बाजारातल्या एका कारकुनाविरुद्ध अर्ज टाइप करून घ्यायला. मी भडाभडा सांगत गेलो. एका शब्दाला त्यांनी मान हलवली.

"ढेबे, हा शब्द मी टाइप करत नाही."

"का? खरा हाय त्यो."

"खरा असेल. पण याच अर्थाचा एक सरकारी शब्द आहे. तो जास्त झोंबतो."

त्यांनी 'बेजबाबदार' की असंच काहीतरी घातलं. आठ दिवसांत कारकून सरळ झाला. मजुरी विचारली तर त्यांनी एक आकडा सांगितला. मी सवयीने निम्मा सांगितला. त्यांनी कागद परत ओढून घेतला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत मी ज्यांच्याशी घासाघीस करू शकलो नाही, असं माणूस ते एकच.

दहावी-बारावीचे निकाल लागले की त्या जिन्यावर रांग लागायची. डोंगरातली पोरं आणि त्यांचे बाप. पोराला कॉम्प्युटरचं काहीतरी करायचं असतं, काय ते पोराला माहीत नसतं आणि बापाला त्याहून नसतं. बाईंचा नियम ठरलेला. पोरगं आत खुर्चीवर, बाप बाहेर बाकावर. वर्गाच्या दाराबाहेर एक लांब सागवानी बाक होता. त्यावर मोठमोठे बागायतदार, पाटील, सगळे हात मांडीवर ठेवून बसलेले मी पाहिले आहेत. कोणी आत डोकावलं की बाई म्हणायच्या, "तुम्हाला शिकायचंय का? मग बारावीची मार्कलिस्ट घेऊन या."

आणि कुठल्याही कॉलेजचं नाव घेतलं की त्यांचं एकच वाक्य. "आधी पुस्तिका आणा." पुस्तिका म्हणजे अभ्यासक्रमाची. कुठल्या वर्षी काय शिकवणार, कोणते विषय, किती तास, हे ज्यात छापलेलं असतं ती. कॉलेजचा रंगीत कागद नाही. तो कोणी पुढे केला तर त्या त्यावर चहाचा कप ठेवत.

मला एकदा त्यांनी हे माझ्याच भाषेत सांगितलं होतं. "शेळी घेताना तुम्ही काय बघता?"

"दात बघतो. कास बघतो. चालवून बघतो."

"मालक शेळीचं नाव काय सांगतो ते?"

"नाव कशाला बघतंय कुनी?"

"तेच. कोर्सचं नाव बघू नका. तोंड उघडून दात बघा."

मला ते पटलं होतं. चांगलं डोक्यात बसलं होतं. तरी मी जे केलं ते केलं.

कोमल बारावीला होती तेव्हापासून बाईंच्या वर्गात जायची. तिथल्या कॉम्प्युटरवर तिने आमच्या गोठ्याची एक वही बनवली होती. कोणती शेळी कुठून आणली, कधी व्याली, कधी आजारी पडली, सगळं. एके दिवशी ती जेवताना म्हणाली, "आबा, मोठ्या बाजारातनं आनलेली शेळी पंधरा दिसांत खोकते. वाडीवरनं घेतलेली न्हाई खोकत. बाजारातली आनली की वायली बांदा." वीस वर्षं मी शेळ्या घेतोय. मला हे कळलं नव्हतं. वेगळ्या बांधल्या, खोकला थांबला. मी ही गोष्ट बाईंना कौतुकाने सांगायला गेलो तर त्यांनी मला बाकावर बसवलं आणि कोमलला आत घेतलं. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"कोमल, कॉम्प्युटर म्हणजे यंत्राच्या पोटात शिरायचं. आयटी म्हणजे त्या यंत्राचं काम माणसापर्यंत नेऊन पोचवायचं. आणि हे एआय म्हणून जे चाललंय ते म्हणजे ढीगभर आकडे बघून अंदाज बांधायचा. तिन्हीला गणित लागतं. पहिल्या वर्षाला तिन्हीचे विषय जवळपास तेच. म्हणून नावावरून जीव जाळू नकोस. तुला काय करताना भूक लागलेली कळत नाही, ते सांग."

"शेळ्यांची वही करताना."

"मग आयटी पहिलं लिहू, कॉम्प्युटर दुसरं. एआय तिसरं. चालेल?"

"आबांना एआय पायजे."

"आबा बाहेर आहेत," बाई म्हणाल्या.

हो, मला एआय पाहिजे होतं. बाजारात, एसटीत, टेम्पोच्या टपावर बसलेलं माणूसही तेच बोलत होतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सगळे ज्याच्या मागे आहेत तो माल आपल्याकडे नाही, हे मला सहन होत नाही. त्यात इंजिनिअरिंगच्या सरकारी प्रवेशाच्या आधीच्या फेऱ्यांत कोमलचा नंबर थोडक्यात हुकला. शेवटची फेरी उरली. नेमका त्याच आठवड्यात किकवीच्या मंगल कार्यालयात एक मेळावा भरला आणि तिथे तो माणूस मला भेटला. टाय लावलेला, गोड बोलणारा. पुण्याच्या पलीकडच्या एका खाजगी कॉलेजचा. नाव लिहीत नाही, कारण आता त्यांनी तेही बदललं आहे. फलकावर हे एवढं मोठं लिहिलेलं होतं: कॉम्प्युटर आणि एआय पदवी.

मी पुस्तिका मागितली. खोटं कशाला बोलू, मागितली. तो म्हणाला, "छापायला गेलीय, दादा. चार दिवसांत येईल." मग त्याने जागा दोनच उरल्याचं सांगितलं. मी घासाघीस सुरू केली. वसतिगृहात सूट मागितली, त्याने दिली. बसची मागितली, तीही दिली. मला चेव आला. आणि मग त्याने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याने स्वतःच्या खिशातून रुमाल काढला, आपल्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढे केला.

आमच्या बाजारात सौदा रुमालाखाली होतो. हात झाकायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. एकदा शेवटची बोटं दाबली की सौदा झाला. लिहून काही नसतं. त्यानंतर मागे फिरणाऱ्याला बाजारात कोणी उभं करत नाही. माझ्या बापाने एकदा आंधळी निघालेली मेंढी घरी आणली, पण दाबलेली बोटं मागे घेतली नाहीत. तो टायवाला आमच्यातला नव्हता. त्याने कुणाला तरी विचारून हे शिकून घेतलं होतं. मी मात्र खूश झालो. शिकलेला साहेब आपल्या रीतीने सौदा करतोय म्हणून मी बोटं दाबली, आणि कोमलचा शाळा सोडल्याचा दाखला आणि मार्कलिस्ट, दोन्ही अस्सल, त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सरकारी फेरीचा शेवटचा दिवस होता. कोमल सकाळपासून बाईंच्या वर्गात बसलेली. रुमालाचं मी तिला सांगितलं नव्हतं. पसंतीक्रम भरून झाला होता, आणि तो पक्का करायला माझ्या मोबाईलवर एक आकडा येणार होता. तो मी बाईंना सांगायचा, एवढंच काम. मी शिवऱ्याला दुकानात होतो. बाईंचा फोन आला.

"ढेबे, आकडा आला का?"

आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. सहा अंकी. मी म्हणालो, "न्हाई आला, बाई."

"परत पाठवते."

परत आला. त्यांचा परत फोन. "रेंज न्हाई हितं," मी म्हणालो. हायवेवर, टॉवरच्या खाली उभा राहून म्हणालो. तिसऱ्यांदाही आकडा आला आणि मागोमाग त्यांचा फोन. "ढेबे, नीट बघा. पाचला खिडकी बंद होते." मी म्हणालो, "बघतो," आणि मोबाईल चाऱ्याच्या पोत्यावर उलटा ठेवला. समोर असतो तर जमलं नसतं. फोनवर जमलं. मी एका ठिकाणी शब्द दिला होता. दुसरीकडे जागा लागली असती तर तो मोडावा लागला असता, आणि शब्द मोडणारा म्हणून मला जगायचं नव्हतं. हे मी त्या दिवशी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे, पुस्तिका न बघता सौदा केला हे बाईंना सांगायची माझ्यात हिंमत नव्हती.

पाच वाजले. खिडकी बंद झाली.

कोमल त्या कॉलेजात गेली. मी तिथं शब्द दिलाय, एवढंच तिला सांगितलं होतं. आठव्या दिवशी तिचा फोन आला. "आबा, हितं गनितच न्हाई."

"म्हंजी?"

"गनित न्हाई. कोड न्हाई. पदवी धंदा-व्यवस्थापनाची हाय. कॉम्प्युटरचा तास शनवारी येक, त्योबी त्यांच्या कागदावरच. मास्तरच न्हाई."

मी भोरला गेलो. बाई कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र टाइप करत होत्या. डोळे वर झाले.

"आकडा आला होता ना?"

"व्हय."

बोटं थांबली. इतक्या वर्षांत बोलता बोलता ती बोटं थांबलेली मी पहिल्यांदा पाहिली. मला वाटलं आता ऐकावं लागणार. मी म्हणालोही, "चुकलं बाई माजं." त्यांनी हात झटकला. "माझ्याकडे चुकून काय उपयोग? जिचं नुकसान झालंय तिच्यापुढे बोलायचं. ते नंतर. आधी दाखला परत आणू. इथल्या कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटरच्या दोन जागा आहेत, शनिवारपर्यंत. मी पुस्तिका बघितलीय. नावात इंजिनिअर नाही, पण पानांत गणित आहे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही निघालो. बाईंनी साठी ओलांडली होती, गुडघे धरलेले. त्या कॉलेजच्या काचेच्या हॉलमध्ये टायवाला भेटला. अस्सल कागद मिळणार नाहीत म्हणाला, पूर्ण कोर्सची फी भरा, मग मिळतील. नियम आहे.

"नियम कुठल्या पानावर आहे?" बाईंनी विचारलं.

मी मध्ये पडलो. माझा आवाज चढला, त्याच्या टायला हात गेलाच होता. बाई म्हणाल्या, "ढेबे, तुम्ही बाहेर बसा." आणि मी, बाजारात ज्याला बघून दलाल वाट बदलतात तो मी, बाहेर जाऊन बसलो.

काचेतून दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. बाईंनी कोमलकडून ती पुस्तिका घेतली, जी आता छापून झाली होती. हॉलच्या मधोमध खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानापासून. विषयाचं नाव, तास, गुण. प्रवेशासाठी आलेले आईबाप आजूबाजूला होते. एकेक करून जवळ आले. साताऱ्याकडची एक बाई म्हणाली, "मावशी, कॉम्प्युटर कितव्या पानावर हाय?"

"अजून आला नाही. बसा, वाचतेय."

"माज्या पोराचा आजच भरायचा हाय फारम."

"मग तर बसाच."

टायवाला आला, "मॅडम, आपण केबिनमध्ये बोलू." बाई म्हणाल्या, "पान अकरा," आणि पुढे वाचत राहिल्या. दुपारचं जेवण व्हायच्या आत साताऱ्याकडच्या बाईने आपला फॉर्म घडी करून पिशवीत घातला होता आणि तिच्यामागे आणखी काहींनी. मग एक शिपाई कोमलचा दाखला आणि मार्कलिस्ट घेऊन आला. बाईंनी दोन्ही उजेडाकडे धरून बघितले. मग पुस्तिका मिटून टायवाल्याच्या हातात दिली. "शेवटपर्यंत कॉम्प्युटर आला नाही," त्या म्हणाल्या. "आला की कळवा."

मला वाटलं संपलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना वर्गात बोलावलं. कोमलला खुर्चीवर बसवलं. बाहेरचा बाक माझ्याकडून आत ओढून घेतला आणि मला त्यावर बसवलं. "आता सांगा."

मी सांगितलं. रुमाल, बोटं, सहा अंकी आकडा, चाऱ्याचं पोतं. मुलीकडे बघून बोलणं मला जमत नव्हतं. संपलं तेव्हा कोमल म्हणाली, "मला ठावं हुतं आबा. त्याच सांजंला तुमचा मोबाईल बगितला मी. तिन्ही मेसेज हुते."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी शब्द दिला हुता म्हनून. तुमचीच काय ती इज्जत."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "पोरीनं तुमचा शब्द पाळला, ढेबे. पोरीला तुम्ही कुठला दिला होता?"

त्या दिवसानंतर मी मुलीच्या शिक्षणात एक अक्षर बोललो नाही. कोमल रोज शिवऱ्याहून भोरला एसटीने गेली. बीएस्सी झाली. पहिल्या वर्गात झाली. इंजिनिअरिंगची जागा हुकली ती हुकलीच. तिच्याबरोबरच्या, तिच्याहून कमी मार्क असलेल्या पोरी आज तिच्या पुढे आहेत, आणि ते तिच्या डोक्यामुळे नाही, माझ्या खोट्यामुळे. हे ती कधी बोलून दाखवत नाही.

बाई मागच्या दिवाळीनंतर गेल्या. हृदय थकलं होतं. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात कोमल भेटायला गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "एमएस्सीचं काय ठरलं?" कोमलने कॉलेजचं नाव सांगितलं. बाईंनी डोळे मिटले आणि नुसता हात पुढे केला. कोमल घरी येऊन पुस्तिका घेऊन परत गेली. दोघींनी मिळून ती वाचली. चार दिवसांनी बाई गेल्या.

वर्ग बंद झाला. बाईंच्या भाच्याने सामान विकायला काढलं. मी बाक मागितला. त्याने एक आकडा सांगितला आणि मी तेवढेच दिले. तो मुलगा माझ्याकडे बघतच राहिला, त्याला माझी कीर्ती माहीत होती. आता तो बाक शिवऱ्याला माझ्या दुकानापुढे आहे. जूनमध्ये डोंगरातले बाप पोरांना घेऊन येतात. पोरं आत कोमलसमोर, बाप बाहेर बाकावर. मी चहा सांगतो आणि कुणालाही आत डोकावू देत नाही.

काल किकवीला त्याच मंगल कार्यालयावर नवा फलक लागलेला पाहिला. कॉलेजचं नाव नवं, फोटो नवे. खाली दारात तोच टायवाला उभा, आणि त्याच्या वरच्या खिशातून रुमालाचं टोक बाहेर.

म्हणून हे त्याच्यासाठी लिहितो, आणि छापून आलं की स्वतः त्याच्या हातात देणार आहे. मी बाजारातला माणूस आहे. मी खोटं बोललो, आणि माझ्या मुलीपुढे या बाकावर बसून ते कबूल केलं. माझी पाळी झाली. आता तू ये. हायवेलाच आहे, शोधावं लागणार नाही. हात लावणार नाही, बाईंची शपथ. येताना रुमाल घरी ठेव आणि पुस्तिका घेऊन ये. या बाकावर बस, ती पहिल्या पानापासून मोठ्याने वाच, आणि कॉम्प्युटर कितव्या पानावर आहे ते माझ्या मुलीला दाखव.